वाटेचा अर्ज

फलक ऐनाच्या झाडाला ठोकला होता. चारी कोपऱ्यांना चार मोठे खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली साल फुटून काळपट ओघळ आलेला. वर लिहिलं होतं, 'सायकल व इतर वाहने आत नेण्यास सक्त मनाई. आज्ञेवरून.' झाडांच्या राखणदारांनी झाडातच खिळे मारले होते. मला आधी हसू आलं. मग जो राग आला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

दिवाळीनंतरचा रविवार होता, सकाळचे सात वाजले असतील. मी पनवेलहून सायकल मारत आले होते. दर रविवारप्रमाणे डांबरी रस्ता सोडून पायवाटेला लागणार, तेवढ्यात वनरक्षक आडवा आला. ओळखीचा माणूस. चार वर्षं मला येताना-जाताना बघत होता, हात करत होता.

"मॅडम, उतरा. सायकल बंद झाली."

"कधीपासून?"

"कालपासून. वरून ऑर्डर आलीय."

"बरं, हातात धरून नेते. वाडीपर्यंत चालतच जाते."

"नाही. सायकल आतच नको."

"आणि खांद्यावर घेतली तर?"

तो कसनुसा झाला. "मॅडम, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

आमचं हे चाललेलं असतानाच मागून एक मोठी पांढरी गाडी आली. काचा वर, आत गाणी दणदणत होती. वनरक्षक धावत गेला, मुख्य फाटक उघडलं, वर सलाम ठोकला. गाडी धुरळा उडवत विश्रामगृहाच्या दिशेने गेली. रस्त्याकडेच्या बांबूवरची पाखरं एकदम उठली.

"ही काय बैलगाडी होती?" मी विचारलं.

"ते साहेबांचे पाहुणे आहेत," तो खाली बघत म्हणाला.

मी सायकल वळवली. घरी येईपर्यंत मोठ्याने बडबडत होते. कळंबोलीच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघत राहिला.

त्या अभयारण्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पनवेलच्या भोवतीच्या डोंगरांतलं ते एक आहे, एवढं पुरे. ते कार्यालय, तो साहेब, ती माणसं ओळखू यावीत म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांच्या जागी दुसरे असते तरी हेच झालं असतं असं मला वाटतं, आणि तेच जास्त संतापजनक आहे.

मी तळोज्याला एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बाटल्यांतून नमुने येतात, ते तपासायचे, आकडे भरायचे, सही करायची. बावीस वर्षं झाली. पहिल्या पाळीला पहाटे बस, दुसऱ्या पाळीला दुपारी. कारखान्यातला वास नाकाला कळायचा कधीच बंद झाला. चाळिशी उलटल्यावर दोन जिने चढले की धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, चाला. पण चालायचं कुठे? आमच्या भागातला फूटपाथ दुकानांनी खाल्लेला. उलव्याला बहीण राहते, तिच्याकडे जाऊन चालावं तर डंपरच डंपर. तिच्या खिडकीतून पूर्वी एक हिरवी टेकडी दिसायची. विमानतळासाठी सुरुंग लावून ती कापली, सपाट केली. तेव्हा 'टेकडी नेण्यास सक्त मनाई' असा फलक कुणी लावला नाही.

सायकल मला चाचांनी दिली. पनवेलच्या बाजारात त्यांचं सायकलचं दुकान आहे. कोकणी मुसलमान, पंचवीस वर्षं कुवेतमध्ये यंत्रं दुरुस्त करून परत आलेले, साठी ओलांडलेले. मी गेले होते साधी लेडीज सायकल घ्यायला. त्यांनी कोपऱ्यातली जाड टायरांची, डोंगरात चालवायची एक वापरलेली सायकल बाहेर काढली.

"ही घ्या बाई. साधी सायकल घेतलीत तर पंधरा दिवसांत गॅलरीत कपडे वाळत घालाल तिच्यावर. मी खूप पाहिल्यात."

त्यांनीच मला ती वाट दाखवली. स्वतः पुढे, मी मागे. पायवाट अभयारण्याच्या कडेकडेने चढते, सागाच्या झाडीतून वाडीला जाते आणि तिथून डोंगराच्या धारेवर. चढताना मी निम्मा वेळ सायकल ढकलत होते. उतरताना मात्र जीव मुठीत.

"ब्रेक आवळून धरू नका," चाचा पुढून ओरडायचे, "आणि दगडाकडे बघू नका! दगडाकडे बघाल तर दगडावरच जाल. जिथं जायचंय तिथं नजर."

मी दगडाकडे बघितलं आणि दगडावरच गेले. कोपर आणि गुडघा चांगलाच सोलला. मी तिथेच बसून राहिले असताना वाडीतली एक बाई डोक्यावर हंडा घेऊन आली. साठीच्या आसपासची, सडपातळ, ठाकर समाजातली. तिने हंडा उतरवला, माझी जखम धुतली, वाटेकडेचा दगडीपाला चुरगळून त्यावर दाबला आणि हसायला लागली.

"देवानं दोन पाय दिलं ना बाय तुला? मंग ही चाकं कशाला?"

त्या दिवसापासून ती माझी मावशी. मे महिन्यात ती पानाच्या द्रोणात करवंदं द्यायची, मी तिला गुडघ्याला चोळायचं औषध न्यायचे. वाट तिच्या आजीच्या आजीपासूनची होती. ती हजारो वेळा तुडवली गेली होती म्हणून तर माझी सायकल तिच्यावरून चालत होती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ते कळायला मला जे करावं लागलं, त्याची लाज अजून वाटते.

फलक लागल्यावर मी पहिला अर्ज केला. पंधरा दिवस उत्तर नाही. मग एक दिवस रजा टाकून कार्यालयात गेले. साहेब तरुण होता, शिकलेला, बोलायला गोड.

"मॅडम, सायकल हे वाहन आहे. अभयारण्यात वाहनाला बंदी असते."

"फलक लागला त्या रविवारी माझ्यासमोर एक मोटार आत गेली."

"तिला परवानगी होती."

"मग सायकलला द्या परवानगी. मी रीतसर मागतेय."

"सायकलला परवानगी द्यायची तरतूद नाही."

"म्हणजे धूर सोडणारं, हॉर्न वाजवणारं वाहन परवानगी घेऊन जाऊ शकतं आणि ज्याला आवाजच नाही ते परवानगी मागूसुद्धा शकत नाही?"

साहेब हसला. "तुम्ही फार छान मुद्देसूद बोलता. लेखी द्या."

"लेखी दिलंय. तुमच्या टेबलावरच असेल."

"त्यात अजून तपशील घालून द्या. वाटेमुळे पर्यावरणाची हानी होत नाही, वगैरे. फोटो लावा."

माणूस हसून बोलला की मला जास्त राग येतो. खेकसला असता तर मीही खेकसले असते आणि मोकळी झाले असते. त्या हसण्यामुळे मी घरी येऊन कामाला लागले. पनवेल, खारघर, बेलपाडा इथले डोंगरात सायकल चालवणारे वीस-पंचवीस जण व्हॉट्सॲपवर एकत्र आलो. त्यांतला एक जण, मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर असलेला, गटाचा म्होरक्या झाला. त्याला मी म्होरक्याच म्हणेन. त्याची सायकल माझ्या वर्षभराच्या पगारातही आली नसती, पण माणूस उत्साही होता. त्याचं म्हणणं, अर्ज तुम्हीच लिहा, तुमचं मराठी चांगलं आहे.

माझं मराठी चांगलं आहे याचा मला तेव्हा अभिमान वाटला.

तीन रविवार मी पायी त्या वाटेने फिरले. फोन हातात धरून. सायकलच्या चाकांनी काही बिघडत नाही हे दाखवायचं होतं. पण जे बिघडलेलं नाही त्याचा फोटो काय काढणार? मग मी दुसऱ्या बाजूने विचार केला. जे बिघडलंय ते दाखवायचं आणि ते आम्ही केलेलं नाही असं म्हणायचं. बुडातून तोडलेल्या फांद्यांचे फोटो काढले. चुलीची राख, गुरांच्या शेणाचे पो, प्लॅस्टिकच्या बाटल्या. वाटेकडेला एका दगडाला टेकवून ठेवलेली लाकडाची मोळी. मुख्य वाटेला कुठून कुठून बारक्या वाटा येऊन मिळतात, ते सगळं नकाशावर लाल रेघांनी दाखवलं. खाली लिहिलं, 'उपरोक्त नुकसान सायकलस्वारांमुळे नसून अन्य घटकांच्या अनियंत्रित वावरामुळे होत असल्याचे निदर्शनास येते.'

अन्य घटक. हा शब्द माझा. प्रयोगशाळेत आम्ही नमुन्यातल्या नको असलेल्या पदार्थांना असंच काहीतरी म्हणतो. कुणी मला तो सुचवला नव्हता.

अर्ज चाचांना वाचून दाखवला तेव्हा ते एका चाकाचे आरे ताणत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"लिखावट जबरदस्त आहे, बाई," ते म्हणाले, "पण ही जी अन्य लोकं आहेत, ती कोण?"

"असेच. कुणी पण. लाकूड तोडणारे वगैरे."

"हां," ते म्हणाले, आणि परत आरे ताणायला लागले.

मला तो इशारा कळला होता. मी न कळल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ज देऊन पोच घेतली.

या वेळी मात्र सरकार जागं झालं. महिन्याच्या आत. मी पाळीवर असताना म्होरक्याचा निरोप आला, तिकडे जेसीबी लागलाय. मला वाटलं, वाट दुरुस्त करतायत. रविवारी जाऊन बघितलं तर वाटेच्या तोंडाशी पुरुषभर खोल चर खणला होता. पलीकडे काटेरी तारेचं कुंपण, ते लांब ओढ्यापर्यंत गेलेलं. माझ्या नकाशातल्या लाल रेघा जिथे जिथे मुख्य वाटेला मिळत होत्या, तिथे तिथे चर. एकही सुटली नव्हती. इतक्या काटेकोरपणे माझा कुठलाच कागद आजवर कुणी वाचला नसेल.

चर खणताना दोन मोठी झाडं मुळांसकट आडवी झाली होती. ती तशीच पडून होती.

चार-पाच दिवसांनी पनवेलच्या बाजारात मावशी दिसली. भाजी मार्केटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, पुढ्यात करांदे आणि आवळे मांडून बसली होती. मी लगबगीने गेले. तिने मान वर केली, पण हसली नाही.

"मावशी, किती दिवसांनी! केवढा चर खणलाय तिकडे, बघितलंत ना? आता कुठून येता?"

"वढ्यातून. लांब पडतं." ती करांद्यांवरची माती पुसत राहिली. मग म्हणाली, "बाय, तू फोटू काडलास ना?"

"कसला फोटो?"

"माज्या मोळीचा."

दगडाला टेकवलेली ती मोळी मला आठवली.

"गार्डानं दाखवला. साहेबाच्या फायलीत हाय. मोळीला माजा दोर हाय, निळा. वाडीत निळा दोर माजाच. मी जरा पल्याड पानी प्यायला गेले व्हते, तवा तू काडलास." तिचा आवाज चढला नाही. "माजा कोयता घेऊन गेलं. दोर पन. सुनंला म्हनलं, परत दिसलीस तर केस करू. वाळकं लाकूड व्हतं बाय. तू हात लावून बगितलं असतंस तर कळलं असतं."

"मावशी, मी तुमच्याबद्दल नव्हतं लिहिलं..."

"मंग कुनाबद्दल लिवलंस?"

शेजारच्या मेथीवाल्या बाईने विकणं थांबवलं होतं. मी तिथे हातात पिशवी घेऊन उभी राहिले. मला उत्तर माहीत होतं. कुणाबद्दल लिहिलंय हे मला लिहितानाच माहीत होतं, म्हणून तर तो शब्द वापरला होता.

"माफ करा मावशी," मी कशीबशी म्हणाले.

"माफीचं काय कालवन करू?" ती म्हणाली. मग एका गिऱ्हाइकाला आवळे मोजून द्यायला लागली आणि माझ्याकडे परत बघितलं नाही.

आजवर मला राग यायचा तो दुसऱ्यांचा. कार्यालयाचा, गाड्यांचा, डंपरवाल्यांचा. त्याची मला सवय होती, खरं सांगायचं तर आवडही होती. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा इतका राग आला की घरी जाऊन जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं काय झालं. मी सांगितलं. तो म्हणाला, "अगं, पण तोडतातच ना ते लाकूड." मी ताट सरकवून उठले.

गटावर मी सगळं लिहिलं. आपल्या अर्जामुळे वाडीची वाट बंद झाली आहे, कोयता जप्त झाला आहे, आपण तो अर्ज मागे घेऊन वाडीच्या बाजूने उभं राहायला हवं. मग एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. म्होरक्याने लिहिलं, 'भावना समजू शकतो. पण आपला मुद्दा वेगळा ठेवूया. दोन्ही मिसळलं तर आपलं काम अडकेल.' त्याखाली नऊ जणांचे अंगठे. त्या वाटेवर त्यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी वाडीतलं पाणी प्यायलं होतं. मी गटातून बाहेर पडले.

वाडीवर जायला मला पुढचे दोन रविवार धीर झाला नाही. तिसऱ्या रविवारी चाचा म्हणाले, चला, मी येतो. ओढ्याच्या बाजूने, लांबचा फेरा घेऊन आम्ही पायी गेलो. चाचांनी बरोबर एक नवा कोयता घेतला होता, फडक्यात गुंडाळून. मी म्हटलं, मी द्यायला हवा होता. ते म्हणाले, "तुमच्या हातचा घेणार नाही ती. माझ्या हातचा घेईल."

तसंच झालं. मावशीने कोयता घेतला, धार बघितली, चाचांना चहा दिला. मलाही दिला. अंगणात पाच-सात बाया जमल्या. कुणी मला बस म्हणालं नाही, मी आपणहून जोत्यावर बसले. एक बाळंतीण होती, तिला कळा सुरू झाल्यावर ओढ्याच्या वाटेने चालवत दवाखान्यात न्यायला किती वेळ लागला ते तिची सासू सांगत होती. माझ्याकडे बघून नाही, चाचांकडे बघून.

शेवटी मी म्हटलं, "मी काय करू, ते सांगा."

मावशीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तुला लिवता येतं ना झ्याक? त्या लिवन्यानंच बंद झाली ना वाट? मंग लिव."

मी लिहायला बसले. या वेळी प्रत्येक वाक्य त्या बायांना वाचून दाखवत होते. 'अनियंत्रित वावर' सारखं काही आलं की मावशी विचारायची, याचा अर्थ काय, आणि अर्थ सांगता सांगता माझं मलाच ते खोडावंसं वाटायचं. भूमी अभिलेखच्या कार्यालयात चार खेपा घालून मी जुन्या गावनकाशाची नक्कल काढली. पिवळ्या पडलेल्या मूळ नकाशावर वाडीपासून रस्त्यापर्यंत एक तुटक रेघ होती. पाऊलवाट. अभयारण्य व्हायच्या कितीतरी आधीची. ती रेघ बघून नक्कल देणाऱ्या कारकुनासमोर मला रडू आलं. तो घाबरून म्हणाला, "बाई, नक्कल बरोबर आहे हो!" वाडीच्या ग्रामसभेचा ठराव झाला. अंगठे उमटले, सह्या झाल्या. माझा जुना अर्ज चुकीचा आणि दिशाभूल करणारा होता, असं मी वेगळ्या कागदावर लिहून दिलं. ते लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

मग आम्ही कार्यालयात गेलो. मावशी, नऊ बाया, चाचा आणि मी. साहेबाने मला एकटीलाच आत बोलावलं.

"मॅडम, तुमच्यासाठी चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "सायकलचा विषय मी वर मांडलाय. निसर्ग पर्यटनाखाली बसवता येईल. रविवारी सकाळी, पास देऊन, ठरावीक लोकांना. तुमच्या गटाचे ते सर येऊन गेले, त्यांचीही तयारी आहे. पहिला पास तुमच्या नावाचा."

मी वाडीचा अर्ज, नकाशा आणि ठराव त्याच्या टेबलावर ठेवला.

"फक्त हा दुसरा कागद आत्ता नको. दोन विषय एकत्र आले की फाईल अडते. हे मागे घ्या, महिन्याभरात तुम्ही सायकलवर असाल."

मी इथे खोटं लिहिणार नाही. मला मोह झाला. एक क्षण मला ती सागाच्या झाडीतली वाट दिसली, सकाळचं ऊन, हँडलमधून हातात येणारा दगडांचा थरथराट. चार महिने मी डोंगरात सायकल चालवली नव्हती. धाप परत लागायला लागली होती. मावशीचं नंतर बघू, असं कुणीतरी माझ्या डोक्यात म्हणालं, आणि तो आवाज म्होरक्याचा नव्हता. माझाच होता.

त्या आवाजाचीच चीड आली आणि मी उठले. दार उघडून बाहेर हाक मारली, "मावशी, सगळ्या जणी आत या. साहेब काय म्हणतायत ते तुम्ही पण ऐका."

बाया आत आल्या. खुर्च्या दोनच होत्या. मावशी एका खुर्चीवर बसली, बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. साहेबाचं हसू गेलं.

"साहेब, आता परत सांगा," मी म्हटलं. "हा कागद मागे घेतला तर मला पास मिळेल, असं म्हणालात ना? यांच्यासमोर सांगा."

"मॅडम, तुम्ही गैरसमज करून घेताय..."

"गैरसमज? जेसीबीने दोन झाडं उपटलीत तुम्ही! तुमचे पाहुणे गाडीत गाणी लावून आत जातात. आणि वाळक्या मोळीचा फोटो फायलीत लावून हिचा कोयता नेता? फोटो मी काढला, ते माझं पाप. पण कोयता तुम्ही नेलात."

बाहेरचे कारकून दारात जमा झाले होते. मी कधी इतकी ओरडले नव्हते. मावशीने माझा हात धरून मला खाली बसवलं आणि ती बोलली, अगदी सावकाश.

"साहेब, आमी वाट मागत नाय. वाट आमचीच हाय. तो नकाशा बगा. चर तुमी मारला, तुमीच बुजवा. तीन फूट बुजवलात तरी चालंल. डोक्यावर मोळी घेऊन बाई जाईल एवडा."

साहेबाने नकाशा बघितला. उलटून बघितला, शिक्का बघितला. ठरावाच्या सह्या मोजल्या. "बघतो," म्हणाला.

बघायला त्याला पुढचे तीन महिने लागले. मधे दोन वेळा फाईल सापडत नव्हती. एकदा सांगितलं, जागेची पाहणी व्हायची आहे. दर पंधरा दिवसांनी वाडीतल्या दोन बाया आणि मी, पाळी बदलून, त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात जाऊन बसत होतो. पावसाच्या तोंडावर एका सकाळी चार मजूर आले आणि वाटेच्या तोंडाशी चर बुजवला. बरोबर तीन फूट. त्याहून एक वीत जास्त नाही. कोयता परत मिळाला नाही. तो कुठे गेला हे कुणालाच माहीत नाही.

आणि पावसाळा संपल्यावर म्होरक्याच्या गटाला पास मिळाले. रविवारी सकाळी ते मुख्य फाटकातून आत जातात, एकसारखे टी-शर्ट घालून. पहिल्या दिवशी फीत कापली, फोटो आले. मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. मला नुसता संताप आला, कारण पास घेऊन ते ज्या वाटेने जातात ती वाडीचीच वाट आहे, आणि पासावर तिचं नाव 'साहसी मार्ग' असं छापलंय.

मी पास मागितलेला नाही. मागितला तर मिळेल की नाही माहीत नाही. पण सायकलचा मुद्दा मी सोडलेलाही नाही. काही जण म्हणतात, आता पुरे, वाडीचं काम झालं ना. नाही, पुरे नाही. तळोज्याचा वास छातीत घेऊन जगणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा डोंगरात जाता यायला हवं, पाहुणी म्हणून नाही, कुणाच्या ओळखीने नाही. तिने जंगलाची काळजी घ्यावी, नियम पाळावेत. पण नियम करताना त्या वाटेवर रोज चालणाऱ्या माणसांना विचारावं.

म्हणून मागच्या महिन्यात मी नवा अर्ज लिहिला. वाडीत बसून. ग्रामसभेने सायकलींना हरकत नाही असं लिहून दिलं, पण अटी घातल्या. अटी मावशीने सांगितल्या, मी लिहिल्या.

"पाऊस असंल तवा यायचं नाय. वाट उकरते. लिव."

"लिहिलं."

"एका टायमाला पाच सायकली. जास्त नाय. लिव."

"पाच? मावशी, दहा तरी."

"पाच," ती म्हणाली. "नि मोळीवाली दिसली की उतरून उबं ऱ्हायाचं. ती जाईपर्यंत. घंटी वाजवायची नाय, बाया दचकतात. लिव ना, थांबलीस कशाला?"

चाचा बाजूला बसून हसत होते. मी सगळं तिच्याच शब्दांत लिहिलं, एकही शब्द सरकारी केला नाही, आणि सोमवारी पहिल्या पाळीनंतर कारखान्याच्या कपड्यांतच जाऊन अर्ज दिला. साहेब बदलून गेला होता. नव्या साहेबाने पहिली अट वाचली, दुसरी वाचली, आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

"आम्ही," मी म्हटलं. "पोच द्या."